लाइट जाणार असेल तर आधी आम्हाला सांगा

प्रति,
कोकण किनाऱ्यावरच्या तालुक्यांत वीजपुरवठा, सार्वजनिक आरोग्य आणि आपत्ती व्यवस्थापन पाहणारे सर्व अधिकारी यांस,

स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारी सकाळी नऊच्या सुमारास मी न्हाणीघरात होते. आंघोळीपुरती पाच-सात मिनिटं नाकातली नळी काढून ठेवते, तेवढं मला निभावतं. अंगावर दुसरा तांब्या घेतला आणि बाहेरच्या खोलीतल्या, मला ऑक्सिजन पुरवणाऱ्या मशीनची घरघर थांबून कर्णा वाजायला लागला. लाइट गेली की ते मशीन असंच ओरडतं. टॉवेल गुंडाळून, भिंतीला धरत खाटेपर्यंत आले. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा ७९. तो ८८ च्या वर हवा. सूनबाईने पाना शोधून सिलिंडर उघडला, दोन लिटरवर लावला, आणि ८८ दिसेपर्यंत आम्ही दोघी एकमेकींशी एक शब्द बोललो नाही.

पाऊण तासाने गावाच्या ग्रुपवर निरोप आला: ‘देखभाल दुरुस्तीसाठी आज सकाळी ९ ते सायंकाळी ५ वीजपुरवठा बंद राहील.’ लाइट आली रात्री सव्वाआठला.

दुसऱ्या दिवशी मी वीजपुरवठ्याच्या कार्यालयात फोन केला. पलीकडचे साहेब नीट बोलले, तक्रार त्यांच्याबद्दल नाही. म्हणाले, “आजी, पावसाआधीची कामं आहेत, महिनाभर दर मंगळवारी शटडाऊन राहणार. घरात पेशंट असेल तर इन्व्हर्टर बसवून घ्या.” मी विचारलं, माझ्यासारखी माणसं आपल्या हद्दीत किती आहेत याची काही नोंद आहे का? ते म्हणाले, तशी काही पद्धत नाही. तालुक्याच्या दवाखान्यात विचारलं, तिथेही नाही. तहसीलच्या आपत्ती कक्षात विचारलं. त्यांच्याकडे होड्यांची, दरडीखालच्या वाड्यांची, पोहणाऱ्या तरुणांची यादी आहे. आमची नाही.

म्हणून हे पत्र. आपल्या तिघांपैकी एकट्याला लिहिलं असतं तर त्याने दुसऱ्याकडे बोट दाखवलं असतं, म्हणून तिघांना एकत्र लिहिते आहे. आणि उघड लिहिते आहे, कारण माझ्यासारखे इतर जण हे वाचतील तेव्हा आपण एकटे नाही हे त्यांना कळेल.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका, वय ७२, रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या किनाऱ्यावर राहते. आयुष्यात कधी विडी-सिगारेटला हात लावला नाही. पण वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षापासून चाळिशी उलटेपर्यंत चुलीपुढे बसले. पावसाळ्यात आमच्याकडे कोरडं लाकूड मिळतं कुठे? सोडणं, चुडत्या, ओल्या काटक्या. फुंकणीने फुंकत राहायचं, डोळ्यांतून पाणी येत राहायचं, आणि कौलांतून धूर बाहेर पडायच्या आत निम्मा आपल्या छातीत गेलेला. शिवाय होळीच्या आगेमागे भाजावळ. कवळं, पातेरा, शेण पसरून तरव्याची, म्हणजे भाताच्या रोपांची, जमीन भाजायची. शाळेच्या मागेच दळे होते, तो धूर वर्गात यायचा आणि आम्ही खिडक्या लावून पाढे म्हणायचो. यात कोणाचा दोष काढत नाही. आमची शेती आणि स्वयंपाक तसाच होता. पण आज किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्या बायकांच्या छातीत जे वाजतं आहे ते तिथून आलं आहे. आणि पुरुषांच्या छातीत बऱ्याचदा मुंबईच्या गिरणीचा कापूस आहे.

पंधरा वर्षं मला ‘दमा आहे’ म्हणून गोळ्या मिळत होत्या. फुंकण्याची चाचणी झाली तेव्हा मी ६५ वर्षांची होते. सीओपीडी, म्हणजे श्वासाच्या वाटा कायमच्या अरुंद करणारा फुप्फुसाचा आजार, हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. २०२२ मध्ये पाय सुजायला लागले. डॉक्टरांनी मनगटाच्या धमनीतून रक्त काढून तपासलं, तीन आठवड्यांनी पुन्हा तपासलं. दोन्ही वेळा रक्तातला ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या ५५ मिलिमीटरच्या खाली होता. तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं, ते मी वर्गात शिकवावं तसं इथे मांडते, कारण ‘ऑक्सिजन म्हणजे शेवटची घटका’ असं आपल्याकडे अजून मानतात. शेजारणी मला भेटायला आल्या त्या डोळे पुसतच आल्या होत्या.

ऑक्सिजन कायमचा कमी पडला की फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आकसतात. त्यांतून रक्त ढकलायला हृदयाच्या उजव्या बाजूला जास्त जोर लावावा लागतो. ती थकते, पाय सुजतात, आणि माणूस फुप्फुसाने जातो तितकाच हृदयानेही जातो. हे चक्र घरच्या ऑक्सिजनने थोपवता येतं, हे १९८० आणि १९८१ साली सिद्ध झालेलं आहे. अमेरिका-कॅनडातल्या अभ्यासात २०३ रुग्ण होते. निम्म्यांना फक्त रात्रीचा, साधारण बारा तास ऑक्सिजन दिला, निम्म्यांना जवळजवळ अठरा तास. दोन वर्षांनी पहिल्या गटातले सुमारे ४१ टक्के दगावले होते, दुसऱ्यातले २२ टक्के. ब्रिटनमधल्या अभ्यासात ८७ रुग्ण होते. रोज किमान पंधरा तास ऑक्सिजन घेणाऱ्या ४२ जणांपैकी पाच वर्षांत १९ गेले, न घेणाऱ्या ४५ जणांपैकी ३० गेले. सीओपीडीचे पंप आणि गोळ्या श्वास सुकर करतात, पण आमच्यासारख्या माणसांचं आयुष्य इतकं लांबवणारे उपचार फार थोडे आहेत, आणि त्यांत हा एक आहे. मी शेवटची घटका मोजत नाही. मी नातवाला रोज शुद्धलेखन घालते, अंगणातल्या अबोलीला पाणी घालते, आणि पंधरा मीटरची नळी पोचते तिथपर्यंतचं घर झाडते.

या सगळ्याला हवा आहे फक्त करंट. मशीन ऑक्सिजन साठवत नाही. खोलीतली हवा आत ओढतं, झिओलाइट नावाच्या खड्यांच्या नळकांड्यांत दाबतं, खडे नायट्रोजन धरून ठेवतात आणि नव्वद टक्क्यांवर ऑक्सिजन बाहेर येतो. करंट थांबला की पुढच्या काही सेकंदांत माझं औषध संपतं. गोळीची बाटली आठ दिवस आधी आणून ठेवता येते, हे ठेवता येत नाही.

आता एक गोष्ट सरळ सांगते. कोणी म्हणेल, बाई, पंधरा तास पुरतात ना? मग दिवसाचे आठ तास लाइट गेली तर बिघडलं काय? प्रश्न रास्त आहे. २०२४ मध्ये स्वीडनमधून आलेल्या अभ्यासात तर असंच दिसलं की पंधरा तासांऐवजी चोवीस तास ऑक्सिजन घेतल्याने मृत्यू किंवा दवाखान्याच्या खेपा कमी होत नाहीत. म्हणून मी आपल्याकडे चोवीस तास अखंड वीज मागतच नाही. वादळवाऱ्याचा किनारा आहे, माडाची झावळ तारेवर पडणारच, हे मला आपल्याइतकंच कळतं. पण ते पंधरा तास मला लावून घेता आले पाहिजेत. मंगळवारी नऊला लाइट जाणार हे सोमवारी कळलं असतं तर मी पहाटेच आंघोळ उरकली असती, सुनेने डबा लवकर केला असता, सिलिंडर खाटेजवळ आणून त्याचा काटा बघून ठेवला असता, आणि मी दिवसभर जिना न चढता, न बोलता, पडून राहिले असते. तेवढं मी सोसू शकते. न सांगता आलेला अंधार मात्र माणसाला न्हाणीघरात गाठतो, पाखाडीवर गाठतो, झोपेत गाठतो. ७९ चा आकडा हा लाइट गेल्याचा नाही, न कळवल्याचा आहे.

आणि ‘संध्याकाळी ५’ असं लिहून सव्वाआठला लाइट येते तेव्हा सिलिंडरचा सगळा हिशेब मोडतो. आमच्या घरी जो छोटा सिलिंडर आहे त्यात साधारण दीड हजार लिटर ऑक्सिजन मावतो. मिनिटाला दोन लिटर धरले तर साडेबारा तास. तो भरायला दिला की परत यायला दोन दिवस लागतात. तात्यांची गोष्ट इथेच सांगते.

तात्या आमच्याच वाडीतले. परळच्या गिरणीत कार्डिंग, म्हणजे कापूस पिंजायच्या, खात्यात वीस-बावीस वर्षं काढली. १९८२ च्या संपानंतर गावी आले ते छातीत कापूस घेऊनच. विडीही ओढायचे, ते लपवत नाही. शेवटची दीड वर्षं ऑक्सिजनवर होते आणि त्या दीड वर्षात त्यांनी नातीच्या लग्नाचा मांडव खुर्चीवर बसून घालून घेतला होता. दोन वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या आठवड्यात रात्री वारा सुटला, पोल पडले, आणि लाइट गेली ती एकेचाळीस तास. पहिल्या रात्री सिलिंडर दोनवर होता. सकाळी मुलाने तो एकवर आणला, पुरवून वापरायला. दुपारी तात्यांची नखं निळी दिसायला लागली तेव्हा घाबरून चारवर केला. ऑक्सिजन जास्त दिला तर आमच्या आजारात अंगातला कार्बन डायऑक्साइड साठून माणूस गुंगीत जाऊ शकतो, म्हणून ऑक्सिमीटरचा आकडा ८८ ते ९२ च्या मध्ये ठेवायचा असतो, हे त्या पोराला कोणी कधी सांगितलं नव्हतं. त्यांच्याकडे ऑक्सिमीटरही नव्हता. सिलिंडर संपला. मुलगा रिकामा सिलिंडर मोटारसायकलला बांधून गेला, तर भरून देणाऱ्याकडेही लाइट नव्हती. तिसऱ्या दिवशी पहाटे जीपमधून नेताना तात्या घाटीतच गेले.

लाइट असती तर तात्या वाचलेच असते असं मी म्हणत नाही. त्यांचा आजार पुढे गेलेला होता. पण एकेचाळीस तासांत त्या घरात शासनाकडून एक फोन गेला नाही, एक माणूस गेला नाही, कारण त्या घरात कोणी यंत्रावर श्वास घेतो आहे हे शासनाच्या कुठल्याही कागदावर नव्हतं. मृत्यूच्या दाखल्यावर श्वसनाचं कारण लिहिलं आहे. वादळात मेलेल्यांच्या आकड्यात तात्या नाहीत.

आणि ते वादळ काही मोठं नव्हतं, त्याला नावसुद्धा नव्हतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या कितीतरी गावांनी आठवडेच्या आठवडे अंधारात काढले. पुढच्याच वर्षी १६ मेला तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं. तेव्हा मी ऑक्सिजनवर नव्हते. आज निसर्ग पुन्हा आलं तर काय करायचं, या प्रश्नाला माझ्या घरात उत्तर नाही, आणि मी विचारलं तेव्हा आपल्याकडेही नव्हतं.

माझ्या तक्रारी अशा आहेत.

पहिली वर आलीच: आमची मोजदाद नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या ८ व्या कलमात जिल्हा आपत्ती प्राधिकरणाने दिव्यांगांची नोंद ठेवायची आणि धोक्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोचवायची, असं स्पष्ट आहे. उत्तम कलम आहे. पण त्या कायद्यातल्या २१ प्रकारांत फुप्फुसाचा आजार नाही. नळीच्या लांबीपलीकडे फार वेळ जाऊ न शकणारी मी, कायद्याच्या नजरेत धडधाकट आहे.

दुसरी, शटडाऊनची सूचना. आमच्या वायरमनला मी चौथीत शिकवलं आहे. तो म्हणाला, “बाई, मलाच सकाळी साडेआठला कळलं.” त्याच्यावर राग धरून उपयोग नाही. झाडं तोडायची, चिनीमातीचे इन्सुलेटर बदलायचे, ही कामं काही आदल्या रात्री स्वप्नात दिसत नाहीत. ती आधी ठरतात, माणसं आणि गाडी आधी नेमली जाते. मग ठरलेलं आम्हाला सांगायला काय हरकत आहे? ऑस्ट्रेलियात जीवरक्षक यंत्र असलेल्या घराची नोंद वीज कंपनीकडे असते, आणि ठरवून वीज बंद करायची असेल तर त्या घराला किमान चार कामाचे दिवस आधी लेखी कळवावं लागतं. मी चार दिवस मागत नाही. दोन मागते.

तिसरी, वीजबिल. माझं मशीन साधारण ३५० वॉटचं. रोज पंधरा तास म्हणजे सव्वापाच युनिट, महिन्याला १५७. जे घर एरवी शंभर युनिटच्या आत राहायचं ते या एका मशीनमुळे वरच्या दराच्या टप्प्यात जातं. मला पेन्शन आहे, मी भरते. ज्या म्हातारीला श्रावणबाळ योजनेचे महिना १५०० रुपये मिळतात ती काय करते हे मी पाहिलं आहे: ती मशीन रात्री बंद करते. झोपेत ऑक्सिजन सगळ्यात जास्त घसरतो आणि नेमक्या त्याच वेळी ती बिलाच्या भीतीने बटण बंद करते. डॉक्टरला सांगते, वापरते हो. इंग्लंडमध्ये घरच्या ऑक्सिजन मशीनच्या विजेचे पैसे रुग्णाला परत मिळतात.

चौथी, ‘इन्व्हर्टर घ्या’ हे उत्तर. मी घेतला आहे, एका महिन्याची पेन्शन घालून. १२ व्होल्टची १५० एएचची बॅटरी म्हणजे हिशेबाने १८०० वॉट-तास, कागदावर पाच तास, नवी असताना प्रत्यक्षात चार. दुसऱ्या पावसाळ्यानंतर माझी बॅटरी दोन तासांवर आली, आणि मंगळवारी ती दुरुस्तीला गेलेली होती. मे महिन्यात चाकरमानी येतात, घरोघरी एसी आणि पंप चालू होतात. सगळी आपलीच माणसं आहेत, येऊ देत. पण संध्याकाळी व्होल्टेज इतकं पडतं की मशीन बंद पडून ओरडायला लागतं आणि बॅटरीही धड भरत नाही.

पाचवी आरोग्य खात्याकडे. सरकारी आरोग्य योजनांचं कार्ड माझ्याकडे आहे, सत्तर वर्षांवरच्यांना वेगळं कार्डही आता मिळतं. दवाखान्यात दाखल झाले तर खर्च निघतो. पण घरचं मशीन, त्याची दुरुस्ती, सिलिंडर यांतलं काहीही त्यात बसत नाही असं मला सांगितलं गेलं. म्हणजे मी गुदमरून अतिदक्षता विभागात पोचले तर सरकार हजारो रुपये भरायला तयार, आणि तिथे पोचू नये म्हणून लागणारा खर्च माझा. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, केंद्राने एक लाख ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे माझ्याकडे आहे तसली मशिनं, घ्यायचं ठरवलं होतं. शिवाय दानशूरांनी, परदेशातल्या मंडळींनी, कंपन्यांनी किती पाठवली. एका सरकारी दवाखान्याच्या कोठीत मी स्वतः पाच मशिनं पाहिली, प्लॅस्टिकही न काढलेली. त्याच दवाखान्यातून कोविडच्या काळात सिलिंडर उसना मिळायचा, ती सोय यंदा मार्चमध्ये बंद झाली. कारण विचारलं तर ‘साथ संपली’. साथ संपली, आमचा आजार नाही संपला.

त्या कोठीतल्या मशिनांबद्दल आणखी एक सांगायला हवं. झिओलाइट ओल शोषतं, आणि आमच्या खाऱ्या दमट हवेत पडून राहिलेलं मशीन चालू झालं तरी पुरेसा ऑक्सिजन देईलच असं नाही. आवाज तोच, बुडबुडे तेच, आणि नळीतून येणाऱ्या हवेत ऑक्सिजनचं प्रमाण मात्र घसरलेलं. ते मोजायचं छोटं यंत्र असतं, हातात मावणारं. आमच्या तालुक्यात ते कोणाकडेही मला सापडलं नाही. माझ्या मशीनचा तंत्रज्ञ पुण्याहून येतो, वर्षातून एकदा, आणि त्याच्या येण्याजाण्याचे पैसे मी देते.

आगीबद्दल कोणी बोलतच नाही. लाइट गेली की आपल्याकडे हात पहिला कशाकडे जातो? काडेपेटीकडे. कंदील, मेणबत्ती, देवापाशी समई. आणि त्याच क्षणी घरात सिलिंडर उघडला जातो. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण त्याच्या जवळ ठिणगी पडली तर कापड, केस, चादर भडकायला वेळ लागत नाही. रेग्युलेटरला तेलाचा हात लावायचा नाही, नाकाला कोरड पडली तरी व्हॅसलीन लावायचं नाही, चुलीपासून आणि दिव्यापासून लांब बसायचं, हे मला मुंबईच्या एका परिचारिकेने फोनवर सांगितलं म्हणून कळलं. सिलिंडर आणून टाकणाऱ्याने सांगितलं नाही, दवाखान्याने सांगितलं नाही. वाडीतल्या एका घरात मी खाटेच्या उशाशी सिलिंडर आणि पायथ्याशी पेटलेली समई बघितली आहे. त्या दिवशी मला तिथे बसवेना.

आता मागण्या. यातली एकही अशी नाही की जिला मंत्रालयातून नवीन इमारत मंजूर करून आणावी लागेल.

१. तालुकावार यादी करा. आशाताई प्रत्येक घर ओळखतात, पंधरा दिवसांत नावं मिळतील. यादीत नाव घालण्याआधी धमनीच्या रक्ताची तपासणी मात्र करा, आणि ती जिल्ह्याला न जाता तालुक्याला होईल असं बघा. कोविडनंतर कित्येकांनी धास्तीने मशिनं घेतली आहेत. ज्यांचा ऑक्सिजन थोडाच कमी आहे त्यांना त्याने आयुष्य वाढत नाही, हे २०१६ च्या ७३८ रुग्णांवरच्या अमेरिकी अभ्यासात दिसलेलं आहे. ज्यांना गरज नाही त्यांची भीती घालवा, ज्यांना आहे त्यांची नोंद करा. ही यादी तिन्ही खात्यांकडे एकच असावी, तीन वेगळ्या नकोत.

२. ठरवून केलेल्या शटडाऊनची सूचना या घरांना ४८ तास आधी द्या. ग्रुपवरचा निरोप पुरेसा नाही, आमच्यातल्या निम्म्यांकडे साधा फोन आहे. फोन करा. लाइट किती वाजता येईल हे चुकलं तर पुन्हा फोन करा. २०२० च्या वीज ग्राहक हक्क नियमांत ज्येष्ठ नागरिकांना अर्ज, बिल भरणा अशा सेवा घरपोच द्याव्यात असं म्हटलेलं आहे. बिलासाठी दारात येणं जमत असेल तर त्याआधी हा एक फोन जमावा.

३. फॉल्ट झाल्यावर ज्या फीडरवर, म्हणजे ज्या वीजवाहिनीवर, आमच्यातलं कोणी आहे तो आधी घ्या. दवाखाना आणि पाणी योजना यांच्यानंतर, पण हॉटेलांच्या आधी.

४. प्रत्येक मोठ्या गावाच्या आरोग्य उपकेंद्रात १ जूनच्या आत भरलेले सिलिंडर ठेवा, उसने देण्यासाठी, आणि तिथे एक खोली अशी असू द्या जिथे जनरेटरवर चार मशिनं लावता येतील. वादळाचा इशारा मिळाला की होड्या किनाऱ्याला घेता, तसं आम्हाला आदल्या दिवशी तिथे हलवा. डोलीतून आणावं लागलं तरी आम्ही येऊ.

५. मशीनच्या १५० युनिटांपुरता वीजदर सवलतीचा करा. हे आपल्या हातात नाही, नियामक आयोगाकडे आहे, हे मला माहीत आहे. आपण शिफारस पाठवा आणि तिची प्रत जाहीर करा.

६. कोठ्यांतली मशिनं बाहेर काढा, तपासा, चालतील ती गरजूंना वापरायला द्या. प्रत्येक तालुक्याला ऑक्सिजनचं प्रमाण मोजणारं एक यंत्र आणि ते वापरता येणारा एक माणूस द्या. तीन महिन्यांनी एकदा मशीन तपासलं जावं.

७. सिलिंडर ज्या घरात जातो तिथे एक छापील मराठी पान जाऊ द्या: किती लिटर, आकडा किती ते किती, दिवा किती लांब. आणि त्याबरोबर बॅटरीचा एक कंदील. ते पान लिहायला मी तयार आहे, छत्तीस वर्षं सोपं करून सांगणं हेच काम केलं आहे.

एवढ्यावर मी थांबलेले नाही. गेल्या पाच दिवसांत माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन लावले. कोणी रिक्षा चालवतो, कोणी अंगणवाडीत आहे, एक जण मच्छीमार सोसायटीत कारकून आहे. आमच्या आसपासच्या सात गावांतून त्यांनी अकरा जण शोधून काढले, सात बायका आणि चार पुरुष. सगळ्यांत लहान ५८ वर्षांची, सगळ्यांत मोठे ८४ चे. मी प्रत्येकाशी किंवा घरच्यांशी बोलले, नाव कळवायला त्यांची संमती घेतली. तिघांकडे इन्व्हर्टर आहे. दोघांकडे ऑक्सिमीटर आहे. एकीकडे मशीन आहे पण गेले चार महिने ते बंद पडून आहे आणि ती तशीच बसून असते, खिडकीशी.

ती यादी वहीच्या पानावर आखून या पत्राच्या तीन प्रतींना जोडली आहे आणि तिन्ही कार्यालयांत आवक विभागाला देऊन शिक्का घेतला आहे. या खुल्या पत्रात नावं दिलेली नाहीत, ती फक्त आपल्यासाठी आहेत. रकाने असे आहेत: नाव, वाडी, कोणत्या डीपीवर घर आहे, मशीन किती लिटरचं, सिलिंडर आहे की नाही, घरात उचलणारं माणूस कोण, फोन. शेवटचे दोन रकाने मी रिकामे सोडले आहेत. एक, लाइट जाण्याआधी या घराला फोन कोण करणार. दुसरा, त्याचा नंबर. पुढच्या मंगळवारच्या आत ते भरून एक प्रत मला परत मिळावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका